गुडघ्याचा हललेला फोटो

मार्गासनी, बुधवार

ती. वन्संना मंगलचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकून, गुडघा वाकत न्हाई).

तुमची तब्येत बरी असंल. दाजींचा खोकला हटला का? हितं समदी खुशाल हायेत, एक माझा उजवा गुडघा सोडून. भोरच्या डॉक्टरांनी मला उभी करून एक्सरे काढला आन् म्हणाले, "मावशी, हाडाला हाड घासतंय. सांधा बदलू." मी व्हय म्हणून आले. पण तुमचा भाचा इंद्रजित (पुण्यात नोकरीला, त्यामुळं शहाणा) म्हणाला, एवढं मोठं ऑपरेशन नुसत्या एक्सऱ्यावर कसं? एमआरआय पायजेच. डॉक्टर फोनवर म्हणाले, गरज न्हाई. तरी ह्यानं मला गाडीत घालून पुण्याला नेलंच.

तिथं मंगळसूत्र, जोडवी काढायला लावली. ती मुठीत धरून हे दारात असे उभे, जशी मी परत येणारच न्हाई. मला पायाकडनं मशीनमधी सरकवलं आन् बजावलं, अजिबात हलू नका. मशीन भाताच्या गिरणीवानी धडधडायला लागलं. बाकीची माणसं भितात म्हणं; माझा डोळाच लागला. बघते तर भाटघर धरणाचं पाणी पार आटलेलं, तुमी पुढं, मी मागं, गाळातनं चाललोय. गाळ कोमट, सायीवानी मऊ. पाण्यातनं वर आलेल्या जुन्या बांधांवर म्हसरं चरत व्हती, त्यांच्या पाठी अजून निथळत व्हत्या. गुडघा वाजत न्हवता. तुमी मागं न बघता म्हणालात, "मंगल, सावकाश ये, उशीर न्हाई झाला." (कशाला, ते म्या विचारलं न्हाई. सपनात कोण विचारतं?)

तेवढ्यात मशीनवाली पोरगी म्हणाली, "मावशी, पाय का हलवला?"

"चालत व्हते," म्या म्हटलं.

फोटो समदा धुरकट. परत पहिल्यापासनं. दुसऱ्या येळंला झोप काय आली न्हाई.

भोरला डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आन् खाली ठेवली. "एक्सऱ्यात दिसलं तेच. ह्यानं ऑपरेशनात काय फरक पडणार न्हाई." इंद्रजित खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "आईला काय व्हायला नको, एवढंच." वन्सं, पोरगं माझ्यापरीस जास्त भ्यालेलं. येताना गाडीत म्या त्याचा हात धरून बसले, एवढा मोठा झाला तरी.

ऑपरेशन सोमवारी हाय. दाजींना नमस्कार, नातवंडांच्या पाठीवरनं माझा हात फिरवा.

तुमची भावजय,
मंगल

ता. क. सूनबाई शेफाली रजा काढून येतीय, तवा तुमी यायची काय गरज न्हाई.

आणखी ता. क. हे शेजारी बसले व्हते म्हणून वरचं तसं लिहिलं. आता गोठ्यात गेलेत. तुमी रविवारीच या. भूल कमरेखालीच देत्यात म्हणं, म्हंजी मी जागी ऱ्हाणार आन् ठोकाठोकी ऐकू येणार. तुमाला आत सोडायचे न्हाईत. पण दाराबाहेर कुणाशी तरी भांडत ऱ्हावा. तुमचा आवाज भिंतीतनं येतो.