बर्फाच्या कप्प्यातला दुसरा केक

६ मार्च १९९४, बेल्लमपल्ली

जयवंताला नागपूरच्या दवाखान्यात ठेवून परत आलो. शाळेला आणखी सुट्टी मिळेना. मेहुणा खुशाल तिच्याजवळ आहे.

घरात आल्याबरोबर फ्रीज उघडला! बर्फाच्या कप्प्यात कॉफीचे दोन केक. जायच्या आदल्या दिवशी केले तिने, कुकरमध्ये वाळू तापवून. उभं राहवत नव्हतं, स्टुलावर बसून. मी नको म्हणालो होतो का? म्हणालो — पण एकदाच. वास सुटला तसा गप्प बसलो.

एक कापून ठेवलाय, तुकडा तुकडा कागदात गुंडाळून. ‘तुमच्या चहासंग. रोज एकच!’ दुसरा अख्खा आहे. त्याबद्दल ती काही बोलली नाही. तो ती आल्यावर कापू.

११ मार्च

तुकडा तासभर बाहेर ठेवायचा, मग तव्यावर झाकण घालून मंद गरम करायचा. आज घाई केली. वरून करपला, आत बर्फ. तसाच खाल्ला.

१९ मार्च

अकरापासून पाचपर्यंत वीज नाही. शनिवार, अर्धीच शाळा — धावत घरी. फ्रीजवर गोधडी घातली, दार उघडलं नाही. शेजारच्या देवकाबाई दारात उभ्या राहून हसल्या. ‘मास्तर, फ्रीजले ताप आला काय? गोधडी काऊन पांघरली?’

मीही हसलो. त्या गेल्यावर बराच वेळ फ्रीजला पाठ लावून बसून राहिलो.

२६ मार्च

शाळेत खुशालचा फोन! डॉक्टर सोमवारी सोडतो म्हणाले. चादरी धुतल्या. घर झाडलं. अख्खा केक बाहेर काढून ठेवला, म्हणजे ती येईपर्यंत मऊ होईल. दोन दिवस आधी! इतकी घाई कुणी करतं का?

२७ मार्च

सोडणार नाहीत. पोटात पुन्हा पाणी झालं.

टेबलावर केक. पिशवीला आतून घाम आलेला. एकदा काढलेला परत बर्फात टाकायचा नाही, हा तिचा नियम. केरळच्या नर्सबाईंनी तिला केक शिकवला तेव्हा हेच पहिलं सांगितलं होतं. देवकाबाईंकडे देऊन टाकायला हवा होता. निदान मी खायला हवा होता. तो गेला तर तिच्या येण्याचं काही उरणार नाही, असं वाटलं. शिकलेला माणूस मी!

परत कप्प्यात ठेवला.

३० मार्च

आज कप्पा उघडलाच नाही.

१ एप्रिल, नागपूर

ओळखू येत नाही. हाताची कातडी सैल. मला पाहून पहिला प्रश्न — ‘दुसरा केक कसा हाय?’

‘जसा ठेवला तसाच,’ म्हणालो.

सकाळी गाडीत बसायच्या आधी बुद्धवंदना म्हटली होती. मुसावादा वेरमणी — खोटं बोलणार नाही. दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही! तिला बरं वाटावं म्हणून बोललो, की मला ओशाळावं लागू नये म्हणून? दुसरंच खरं असावं.

२ एप्रिल

सांगून टाकलं. काढला, घामेजला, पुन्हा ठेवला.

ती म्हणाली, ‘आता तो भुगा होईन. कापाले नाही जमायचं.’

‘तू आलीस की नवीन करू.’

‘तुमी करजा. देवकाबाईले इचारा, तिनं पाह्यलं हाय.’ मग नर्स आली.

३ एप्रिल

आज मीच विचारलं, दुसरा केक कशासाठी होता?

‘माझ्या मागून लोकं भेटाले येतीन ना तुमाले. नुसत्या चहावर काऊन वापस धाडाचं? वीस तुकडे होत होते त्याचे — मी मोजून केला होता.’