प्रत्येक डब्याला चमचा

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणायचं झालं. गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे असं समज.) तुझं गेल्या महिन्याचं टपाल मिळालं. पाकीट होतं, तिकीट होतं, वळणदार अक्षरात पत्ता होता. आत पत्र तेवढं नव्हतं. मला वाचता येत नाही, त्यामुळे माझं फारसं अडलं नाही. नातीकडून ते रिकामं पाकीट दोनदा बघून घेतलं आणि तुझी खुशाली कळली ती एवढीच, की विसराळूपणाची तब्येत उत्तम आहे. कंबर, दात आणि जावयाशी चाललेला अबोला यांचं कसं काय आहे ते पुढच्या वेळी पाकिटाच्या आत घाल. चष्मा सापडत नसेल तर आधी कपाळावर बघ.

हे पत्र नेहमीप्रमाणे मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. माझ्या थोरल्याची धाकटी, जिला आपण मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत न्यायची. नोकरीसाठी ती या गावात आली आणि तिला वेळेवर जेवायला कोण घालणार म्हणून पाठोपाठ मीही आले. दोन खोल्या, चौथा मजला, खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी. मुंगी एका ऑफिसात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. आठ महिने झाले. या महिनाअखेरीस तिला कायम करायचं की घरी पाठवायचं हे तिचे मोठे साहेब ठरवणार आहेत. (मुंगी म्हणते, आजी, हे कशाला लिहायचं. मी म्हटलं, पत्र कुणाचं आहे? लिही.)

आता ती काय काम करते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला ते चार संध्याकाळी समजावून सांगितलं गेलं, तुला एका दमात सांगते. डोळ्यांच्या एका मोठ्या दवाखान्याला पेशंटांची माहिती ठेवायला प्रोग्रॅम हवा होता. त्यात आधी एक साचा करायचा, त्याला ते क्लास म्हणतात. (शाळेतला नव्हे. शाळेतल्या वर्गात तू बसायचीस आणि मी बाहेर पायरीवर धाकट्या भावाला घेऊन बसायचे, ते मी विसरलेली नाही.) त्या साच्यात रकाने असतात: नाव, जन्मतारीख, कुठला डोळा, चष्म्याचा नंबर, असे एकतीस. आणि रीत अशी, की रकान्यात कुणी थेट हात घालायचा नाही. प्रत्येक रकान्याच्या दाराशी दोन गडी उभे करायचे. एक आत काय आहे ते नुसतं सांगणार, त्याला मी सांग्या म्हणते. दुसरा आतलं बदलून देणार, तो बदल्या. त्यांची खरी नावं गेटर आणि सेटर आहेत, पण ती जुळ्या कुत्र्यांची वाटतात.

हे गडी उभे करणं म्हणजे कंटाळ्याचं काम. प्रत्येकाच्या त्याच चार ओळी, नुसतं रकान्याचं नाव बदलायचं. म्हणून कॉम्प्युटरनेच सोय केली आहे. एक यादी समोर येते, कुठल्या रकान्यांना गडी हवेत तिथे खूण करायची आणि बटण दाबायचं. शिंक येऊन जाईपर्यंत सगळे हजर. मुंगीला त्या दिवशी माझ्यासाठी गुडघ्याचं तेल आणायला दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. यादीच्या खाली "सगळे" असं लिहिलेलं असतं. तिने तिथे खूण केली. एकतीस सांगे, एकतीस बदले, आणि मला तेल वेळेवर मिळालं. म्हणजे बघ, ताई, या प्रकरणाची सुरुवात माझ्या गुडघ्यातून झाली आहे.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक जण बसतो, तो पडद्यावर काय कसं दिसायचं ते बघतो. त्याचा नियम साधा: ज्या रकान्याला बदल्या आहे तो पडद्यावर बदलता येईल असा ठेवायचा. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. झालं असं, की दवाखान्यात काउंटरवरच्या बाईला माउसचं चाक फिरवायची सवय. पान खाली न्यायला ती चाक फिरवते, बाण जन्माच्या सालावर थांबलेला असतो, आणि पानाऐवजी साल सरकतं. बाई भली आहे, बोलता बोलता फिरवते. जितक्या गप्पा जास्त, तितका माणूस तरुण.

आणि तिला नेमकी गप्पिष्ट कोण भेटली असेल तर मी. मुंगीच दोन महिन्यांनी एकदा डोळे दाखवायला मला तिथे पाठवते. मी तिला तुझ्या जावयाची अख्खी गोष्ट सांगितली (तू रागावशील, पण ती सांगण्यासारखीच आहे) आणि गोष्ट संपेपर्यंत मी नऊ वर्षांची झाले होते. मला लहान मुलांच्या खोलीत पाठवलं. तिथल्या नर्सने कागद बघितला, मला बघितलं, पुन्हा कागद बघितला आणि विचारलं, सोबत मोठं कोण आलंय? मी म्हटलं, माझ्याहून मोठी एक बहीण आहे, पण ती यायचं विसरेल. नर्सला वर विचारायला जायचं नव्हतं, जेवणाची सुट्टी जवळ आली होती. कागदावर नऊ म्हणजे नऊ, असं म्हणून तिने मला बुटक्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीतून मला उठवायला पुढे तिघं लागली, ते वेगळं.

पण ताई, इथे एक गंमत झाली, ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मोठ्यांच्या खोलीत भिंतीवर अक्षरं असतात. मला अक्षर येत नाही हे इतक्या लोकांत कोण सांगणार? म्हणून आजवर मी माझ्या आधीचा माणूस काय म्हणतो ते ऐकून ठेवायचे आणि तेच धडाधड म्हणायचे. डॉक्टर दरवेळी म्हणायचे, आजी, या वयात काय नजर आहे. मुलांच्या खोलीत अक्षरं नव्हती, चित्रं होती. छत्री, बदक, खुर्ची, घर. बदक मला छत्री दिसलं आणि घर दिसलंच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. तेव्हा मी म्हणते, मुंगीच्या चुकीने माझे डोळे वाचले. (ती लिहिता लिहिता नाक ओढते आहे. कागद भिजवू नकोस, ताईला आधीच कमी दिसतं.)

मोठ्या साहेबांना मात्र बदक सांगून उपयोग नव्हता. दवाखान्याची तक्रार आली: सतरा माणसांच्या जन्मतारखा बिघडल्या आहेत, एका आजोबांचा जन्म अजून व्हायचा आहे. त्या दिवशी मुंगी घरी आली ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाली, आजी, मला हे काम येत नाही, मी उद्या राजीनामा देते, आपण परत जाऊ. मी चहा टाकला.

आता डब्यांचं ऐक. त्याच आठवड्यात मुंगीने मायेने माझं स्वयंपाकघर लावलं होतं. जुने डबे काढून बारा नवे, सगळे एका मापाचे, आणि प्रत्येकात एकेक नवा चमचा. वर सुबक अक्षरात चिठ्ठ्या. कुणासाठी ते तीच जाणे, कारण घरात वाचता येणारी ती एकटी आणि ती तिथे पाणी प्यायला येते. जुने डबे मी पोच्यावरून ओळखायचे. साखरेच्या डब्याला डावीकडे पोचा, मिठाच्या डब्याचं झाकण सैल, आणि धुण्याच्या सोड्याच्या डब्याला फडकं बांधलेलं आणि आत चमचा नाही. त्या दिवशी मी हाताला लागला तो डबा उघडला, चमचा होताच, दोन चमचे घातले. चहा फसफसून वर आला, ओट्यावरून खाली गेला आणि जिथून गेला तिथली फरशी आठ महिन्यांत पहिल्यांदा चकचकीत झाली.

मी तिला एवढंच म्हटलं, अगं बाई, ज्या डब्यातलं खायचं नाही त्यात चमचा कशाला ठेवलास? चमचा दिसला की हात जाणारच. माझा गेला, त्या काउंटरवरच्या बाईचाही गेला असेल.

मुंगी उठली ती तशीच, चपला पायांत होत्याच. ऑफिसात जाऊन तिने एकतीस रकाने एकेक करून तपासले. चष्म्याचा नंबर बदलतो, त्याचा बदल्या ठेवला. पत्ता बदलतो, ठेवला. जन्मतारीख, रक्तगट, असल्या गोष्टींचे बदले काढून टाकले, नुसते सांगे ठेवले. आता पेशंटचं खातं उघडताना ती तारीख एकदाच भरायची, मग विचारता येते, बदलता येत नाही. मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचलं आणि म्हणाले, ठीक. पण आता सतरा जणांच्या तारखा जुन्या कागदांवरून पुन्हा भरायच्या. सतराच्या सतरा जुळल्या तर तुमची सुधारणा बरोबर असं मी धरीन, मग कायम करू. सोळा जुळल्या आहेत. ज्यांचा जन्म व्हायचा होता ते आजोबाही परत म्हातारे झाले. एक राहिली आहे.

तर असं सगळं आहे. माझी प्रकृती ठीक. ऑपरेशनची तारीख अजून दिलेली नाही, त्यांना आधी खरं वय हवं आहे. भाच्यांना आशीर्वाद, जावयाला काही नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. ती राहिलेली एक म्हणजे मी. तीन जुन्या कागदांवर माझ्या तीन तारखा आहेत आणि तिन्ही वेगळ्या. कुठलीही भरली तरी उरलेल्या दोन जुळत नाहीत, म्हणून साहेबांना वाटतं अजून प्रोग्रॅमच चुकतो आहे. मुंगी तीन दिवस त्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधते आहे आणि जेवत नाही.

आणखी ता. क. चूक प्रोग्रॅममध्ये नाही. त्या तिन्ही तारखा मीच सांगितल्या आहेत. लग्नाच्या वेळी दोन वर्षं कमी केली होती, पुढे जसं जमेल तसं करत गेले. हल्ली बहात्तर सांगते, आहेत सत्त्याहत्तर. माझ्या वयाला जन्मभर एक बदल्या होता आणि तो मी होते. (मुंगीने पेन खाली ठेवलं आहे आणि माझ्याकडे बघते आहे. बघू दे. हे तोंडावर सांगायला मला तीन दिवस जमलं नाही. उचल ते पेन.) पण आता तारीख एकदाच भरता येणार आहे, आणि पोरीने एवढ्या कष्टाने केलेल्या कुलपाआड खोटी तारीख ठेववत नाही.

म्हणून काम असं. तू शाळेत होतीस, तुझा दाखला ट्रंकेत तळाशी आहे. मी तुझ्याहून तीन वर्षांनी आणि वर बारा दिवसांनी लहान. मी जन्मले त्या दिवशी तू पायरीवरून पडलीस आणि हनुवटीला खोक पडली, हे तू बाकी सगळं विसरलीस तरी दर भेटीत सांगतेस. तेवढं स्वतःच्या हाताने लिही, खाली सही कर, सोबत दाखला जोड आणि महिनाअखेरीच्या आत पाठव. त्यात तुझीही ऐंशी उघडी पडतील, याला माझा इलाज नाही. तिथे तू चौऱ्याहत्तर सांगतेस ते मला ठाऊक आहे, पण जावयाला कळलं तर निदान तो बोलायला तरी लागेल.

शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी आत बोट घालून बघ, कागद आहे का. आणि वेगळ्या खोक्यातून मध पाठव, मोठी बरणी, मुंगीला गरम पाण्यातून देते म्हणजे काहीतरी पोटात जाईल. झाकण घट्ट लाव. चमचा घालू नकोस.