रुंद टायरची पांढरी गाडी

आई,

तू मला नेहमी उभीच आठवतेस. बसलेली आठवायची म्हटली तर फार शोधावं लागतं. वडूजच्या आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा तू ओट्यापुढं पाय फाकवून, एक पाय जरा पुढं टाकून उभी राहायचीस आणि भाकरी थापताना सगळं अंग हलकंसं डुलायचं. घर जागच्या जागी होतं, पण तू चालत्या गाडीत असल्यासारखी. आप्पा आजारपणात गेले आणि दोन वर्षांनी तू एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून लागलीस. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. खाकी साडी, गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर साताऱ्यापर्यंत यायचो. कोरेगावच्या आसपास वळण आलं की उभी माणसं दांडीला लोंबकळायची, एकमेकांच्या अंगावर जायची. तुझे दोन्ही हात तिकिटात गुंतलेले, तरी तू तशीच उभी. एकदा घरी आल्यावर मी विचारलं, "आई, तू पडत कशी न्हाईस गं?" तर तू म्हणालीस, "पाय लांब लांब ठिवायचं. पायाखाली ऐसपैस जागा असली की धक्का लागत न्हाई." आणि मला तिथंच पाय जुळवून उभं केलंस, खांद्याला ढकललंस. मी पिठाच्या डब्यावर जाऊन आदळलो. मग पाय लांब ठेवायला लावलेस आणि पुन्हा ढकललंस. या वेळी मी हललो नाही. पिठानं पांढरा झालेला मी आणि हसून डोळ्यांत पाणी आलेली तू, एवढंच चित्र मला त्या घराचं पुरतं.

तू निवृत्त झालीस तेव्हा माझं सांगली-मिरज रस्त्यावरचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान चांगलं चालायला लागलं होतं. डेपोत नारळ-साडी देऊन तुझा सत्कार झाला, आणि घराचं कुलूप काढतानाच तू म्हणालीस, "सतरा वर्षं डबल बेल मारली. आता गाडी मी चालवणार." मला वाटलं, दोन दिवसांची हौस आहे. पण तू मागंच लागलीस. मग मी एक पांढरी छोटी गाडी बघून दिली, जुनीच, पण नीट राखलेली. गावाबाहेरच्या माळावर तुला शिकवायला आठ दिवस दुकान कामगारांवर सोपवून आलो होतो, आणि खरं सांगायचं तर शिकवण्यासारखं थोडंच होतं. क्लच सोडताना गाडी उड्या मारायची तेवढंच. गिअर कधी बदलायचा हे तुला एकदाही सांगावं लागलं नाही. "इंजिन कण्हाय लागलं की बदलायचा. कानाला कळतंय की," असं म्हणालीस. मी शेजारी बसलेला, तू समोर बघत चालवतेस, पदर कमरेला खोचलेला, आणि माळावरच्या मेंढ्या बाजूला होतात. मेंढपाळानं हात केला तर तू त्याला हॉर्न देऊन उत्तर दिलंस. इतकं खूश मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर महिन्याला तू विट्यावरून सांगलीला यायला लागलीस, स्वतः गाडी चालवत. दुकानात आलीस की खुर्ची नको म्हणायचीस आणि जॅकवरच्या गाड्यांमधून हिंडायचीस. असंच एकदा एका तरुणाची लाल गाडी आली होती, रुंद टायर बसवलेली. तू तिच्याभोवती एक फेरी मारलीस. "हिची चाकं अशी रुंद का रं?" मी सांगितलं, दिसायला भारी दिसतात आणि वळणावर पकड जास्त मिळते. तू खाली वाकून टायरवर तळवा ठेवलास. "म्हंजे पाय फाकवून उभी हाय की ही. माझ्या गाडीला बसव असली." मी हसलो. म्हणालो, "आई, ती पोरांची हौस असती." तू म्हणालीस, "हौस काय वय बघून येती व्हय?" मग मी धंद्यातल्या माणसासारखं समजावलं, की स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल जास्त लागतं, तुझ्या गाडीला कशाला हवं ते. तू सगळं ऐकून घेतलंस आणि "बरं" म्हणालीस. तुझ्या त्या "बरं"चा अर्थ मला कळायला हवा होता.

महिनाभरानं तू आलीस ती नवे टायर घालूनच. साताऱ्यातल्या कुणाकडून तरी बसवून घेतले होतेस. काळेभोर रुंद टायर, चकचकीत अलॉयच्या रिम, आणि त्यांच्यावर आपली ती साधी पांढरी गाडी एकदम छाती काढून उभी. दुकानापुढं थांबून तू दोनदा हॉर्न वाजवलास. उतरलीस, पोपटी साडी नेसली होतीस, चार पावलं मागं सरकून कमरेवर हात ठेवून गाडीकडं बघितलंस आणि मग माझ्याकडं. "बघ कशी उभी हाय! येताना वळणावर जराबी अंग टाकलं न्हाई तिनं." दुकानात त्या वेळी पाच-सहा गिऱ्हाईकं होती. त्यातले एक, पाइपचे व्यापारी, म्हणाले, "मावशी, शर्यतीला निघाला काय?" तू तिथल्या तिथं म्हणालीस, "व्हय, येता का? विट्यापर्यंत लावू." सगळे खो खो हसले. माझे मिस्त्री हसले. सगळ्यात मोठ्यानं तूच हसलीस. मी हसलो नाही. माझे कान तापले होते.

तुझ्या हातात चहा देऊन मी गाडीकडं गेलो, स्टिअरिंग फिरवलं, वाकून बघितलं आणि परत आलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "टायर मडगार्डला घासतायत. वळणावर फुटला म्हंजे? कुणी बसवले हे? आणि या वयात तुला तरी कळाय नको?" तू कपाकडं बघत म्हणालीस, "आवाज तर आला न्हाई रं." मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य मी बोललो. मी मिस्त्रींना सांगितलं, "काढा." गाडी जॅकवर गेली, रुंद टायर निघाले, दुकानातले बारीक टायर बसले. अर्धा-पाऊण तास लागला असेल. तेवढा वेळ तू भिंतीच्या कडेला उभी होतीस, पिशवी पोटाशी धरून, पाय जुळवून. घरी जेवायला चल म्हणालो तर म्हणालीस, "नगं, उजेडात पोचते." गाडीत बसताना तू माझ्याकडं बघितलंस. "तुझ्या धंद्यातलं तुला कळतं. तू म्हणशील तसं." रागानं म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो. तू साधंच म्हणालीस.

त्यानंतर तू गाडी घेऊन सांगलीला कधी आली नाहीस. बसनं यायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "बसनं बरं पडतं रं. कंडक्टर वळखीच्या हायत." वडुजात मात्र तू चालवत होतीस. दहिवडीला मामाकडं जायचीस, गल्लीतल्या बायकांना घेऊन साताऱ्याला बाजार करून यायचीस. हे मला तू गेल्यावर त्याच बायकांनी सांगितलं. माझ्यापुढं तू गाडीचा विषयच काढायची नाहीस. मीही काढला नाही. वाटायचं, विसरली असेल. अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी तुझ्या छातीत कळ आली, शेजारणीनं तुला दवाखान्यात नेलं, आणि मी साताऱ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ते रुंद टायर मी केव्हाच तासगावच्या एका माणसाला देऊन टाकले होते. वर्षश्राद्ध झाल्यावर पांढरी गाडीही विकली.

आई, हे सगळं लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, आणि हे तुझ्या हातात कधीच पडणार नाही म्हणून ती लिहिता येतेय. टायर घासत नव्हते. तू चहा पीत होतीस तेव्हा मी स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघितलं. मडगार्ड आणि टायर यांच्यामधून माझी बोटं आरामात जात होती. साताऱ्याच्या त्या माणसानं माप अगदी चोख घेतलं होतं. लोक माझ्या आईला हसतात, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. ते तुझ्या संगतीनं हसत होते आणि त्यांना तू आवडली होतीस, हे कळायला मला तुझ्या मागं कितीतरी वर्षं लागली. आणि आता वाटतं, तुला माहीत होतं. सगळा रस्ता वळणं घेत आलेल्या तुला घासल्याचा आवाज कळला नसता? तुला कळलं होतं की मी खोटं बोलतोय. त्या सगळ्या माणसांपुढं तू मला खोटं पडू दिलं नाहीस.

गेल्या महिन्यात दुकानात एक बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, केस पांढरे, स्वतः गाडी चालवत आलेल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "हसू नका हं. पण जरा रुंद टायर बसतील का हिला?" मी हसलो नाही. गाडीला झेपेल ते माप काढलं, एकच नंबर मोठं. टायर बसवले, स्टिअरिंग फिरवून त्यांना स्वतः वाकून बघायला लावलं, आणि रस्त्यावर एक चक्कर मारून आलो. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणाल्या, "माझ्या वयाच्या कुणी बसवलेत का हो असे?"

"माझ्या आईनं बसवलेत," मी म्हणालो.

"अगंबाई! आणि चालवतात त्या अजून?"

"व्हय. लय झोकात. परवाच विट्याला जाऊन आली."

बाई खूश होऊन गेल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही, आणि परत आल्या तरी सांगणार नाही.