परसातलं पोटॅशियम

४ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे गेलो. बीपी थोडं वर. मीठ कमी करा, रोज चाला, फळं खा, म्हणाले. तीनपैकी एक तरी मनापासून करायचं ठरवलं. फळं.

५ फेब्रुवारी, चहाच्या वेळी
मोबाईलवर वाचलं. केळं म्हणजे साक्षात औषध. पोटॅशियम, फायबर, बी-सिक्स. हृदय, पोट, स्नायू, मूड, सगळ्यांची सोय एका सालीत. आणि मी इतकी वर्षं सफरचंदाच्या नादी लागलो होतो.

संध्याकाळी
निर्णय. विकतच्या केळ्यांवर भरवसा नाही. घरची केळ लावणार.

७ फेब्रुवारी
जागा परसातच आहे. वरच्या मजल्यावर दादा-वहिनी, खाली आम्ही, परस दोघांचं. भिंतीकडच्या कोपऱ्यात बायको सकाळी खुर्ची टाकून चहा घेत बसते. दादाला नव्या गाडीसाठी नेमका तोच कोपरा हवाय. केळीचं ऐकून तो हसला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर सांगितलं, वर्षअखेरपर्यंत केळीला घड दिसला नाही तर कोपरा तुझ्या गाडीला. बायकोने टेबलाखालून पाय मारला. तिचा पाठिंबा पाहून बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
पाठिंबा नव्हता. "तुमची पैज आणि माझी जागा?" एवढंच म्हणाली. तिला समजावलं, हरण्याचा प्रश्नच नाही.

१२ फेब्रुवारी
रोप आणलं. नर्सरीवाला काहीतरी सांगायला लागला. म्हटलं, राहू द्या, माझा अभ्यास आहे. बायकोच्या खुर्चीशेजारीच लावलं. तिला सावलीही मिळेल. तिला ऊन हवंय म्हणे. बायकांचं काही कळत नाही.

२० मार्च
ऑफिसात डब्याच्या सुट्टीत केळ्याच्या फायद्यांवर बोललो. आता मला सगळे पोटॅशियम म्हणतात. आदर वाढतोय. कॅशियर हल्ली दुसऱ्या टेबलावर जेवतो. त्याच्या मनात न्यूनगंड असावा.

३ मे
घरची केळी येईपर्यंत सराव म्हणून रोज सहा विकतची. वजन वाढलं. साहजिक आहे. पोटॅशियम हा धातू आहे.

१८ मे
पँट आटली. साबण बदलायला हवा.

९ ऑगस्ट
केळ माझ्या डोक्याच्या वर गेली. बुंध्याशी पिलं फुटली आहेत. वहिनी म्हणाली, एखादं ठेव, बाकीची काढ, नाहीतर मोठीचं बळ जातं. मी साफ नकार दिला. आपल्याकडे कुटुंब तोडायची पद्धत नाही.

१४ सप्टेंबर
आज लवकर घरी आलो तर दादा केळीला पाणी घालताना सापडला. म्हणाला, सुकलेली दिसली म्हणून घातलं. मी काय ओळखत नाही? मुळं कुजवायचा डाव. यापुढे डोळ्यांत तेल घालून पहारा.

१७ नोव्हेंबर
बायको चार दिवस बहिणीकडे. जाताना म्हणाली, केळीला काही करू नका. लक्ष ठेवा असं म्हणायचं असेल.

१८ नोव्हेंबर
भयंकर. केळीच्या शेंड्यातून जांभळट, फुगलेलं काहीतरी लोंबतंय. माझ्या दोन मुठींएवढं. गाठच. पिलांना संसर्ग होण्याआधी उपाय करायला हवा.

१९ नोव्हेंबर
शस्त्रक्रिया केली. स्टूल, करवत, हातमोजे. करवत लावतो न लावतो तोच वरून दादा ओरडला, "अरे थांब, कापू नकोस!" म्हणणारच. केळ रोगाने मेली की कोपरा त्याचा. मी हात भरभर चालवला. तो बनियनवरच खाली धावत आला, पण गाठ तोवर खाली पडली होती. दादा पायरीवर डोकं धरून बसला. हरलेला माणूस पाहवत नाही.

२१ नोव्हेंबर
बायको आली. मी अभिमानाने कचऱ्याच्या डब्यातली गाठ दाखवली. तिने ती हातात घेतली, वरचं एक जांभळं पान सोललं. आत बोटांसारखी बारीक केळी, ओळीने.

"अहो, हे केळफूल आहे. केळी यातूनच येतात."

म्हटलं, दुसरं येईल. वहिनी म्हणाली, एक झाड एकदाच फळतं. पिलांना यायला अजून बरेच महिने लागतील.

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची पुसायला गेली. मला फार वाईट वाटलं.

२२ नोव्हेंबर
विचार केला. शस्त्रक्रिया यशस्वी होती. फक्त निदान चुकलं. शिवाय केळफूल कसं दिसतं हे त्या मोबाईलवाल्यांनी लिहायला हवं होतं.

३१ डिसेंबर
दादा म्हणाला, जाऊ दे, गाडी रस्त्यावर लावतो. मी मोठ्या मनाने होकार देणार होतो. बायको मध्येच बोलली, "नको दादा. ह्यांनी शब्द दिलाय. गाडी आत लावा, माझं मी बघते."

शब्दाला जागणारी बायको मिळायला भाग्य लागतं.

३ जानेवारी
केळ गेली. गाडी आली. बायकोने तिचं बघितलं. बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी, जिथे मी पेपर वाचतो आणि ही वही लिहितो, तिथे आता तिची खुर्ची आहे. माझं घडीचं टेबल पलंगाखाली. रोजनिशी ओट्यावर, मिक्सरशेजारी.

५ जानेवारी
ओट्यावर लिहिता येत नाही. फोडणी उडते. दादाला माझी दया आली. किल्ली दिली, म्हणाला, गाडीत बसून लिही.

६ जानेवारी, सकाळी
गाडीत बसलो आहे. सीट चांगली आहे. आत्ता भिंतीवरून ऊन आलं, थेट वहीवर. ऊबदार. कुठून तरी पक्ष्याचा आवाज येतोय, आणि घरातलं काहीच ऐकू येत नाही. इथे सकाळी असं असतं हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. आत जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं. गाडीचं दार उघडलं, आणि मग परत लावून घेतलं.