उजव्या पायाबद्दल लोकांचे गैरसमज

५ फेब्रुवारी, बुधवार

शुक्रवारी सिनेमा लागतोय. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरावर निघालेला हा बहुधा पहिलाच गंभीर सिनेमा. तो मास्तर म्हणजे मी. पोस्टरवर तसं लिहिलेलं नाही. पण मागच्या वर्षी एवढा मोठा नट पंधरवडाभर माझ्या शिकवणीच्या गाडीत मागे बसला होता, तो काय हवा खायला? एकदा घरी जेवायलाही आला. बोलला कमी, बघत राहिला जास्त. माझ्यात बघण्यासारखं काही आहे, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं.

शेवटच्या दिवशी त्याने गाडीत एक खासगी प्रश्न विचारला. मी बेसावध होतो, उत्तर देऊन बसलो. ते सिनेमात घ्यायचं नाही, असं मागाहून बजावलंय.

निश्चय: सिनेमाबद्दल आपण होऊन कुणाशी बोलायचं नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

पेट्रोल पंपावर विषय निघाला. काढला मीच, पण वाढवला त्यांनी.

८ फेब्रुवारी

पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलंय. ‘अभिनयाचा वस्तुपाठ’ वगैरे. मेहुणा पहिल्याच दिवशी बघून आला. म्हणाला, भाऊजी, काय काम केलंय हो त्याने! आणि तो पाय! नुसत्या उजव्या पायाने सिनेमा खाल्लाय. मी विचारलं, कसला पाय? तो आपल्या बहिणीकडे बघायला लागला आणि बहीण, म्हणजे माझी बायको, गॅस बंद करायला आत गेली. गॅस चालू नव्हता.

जळतात लोक.

मी अजून पाहिलेला नाही. नट म्हणाला होता, मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन. आपल्यावरचा सिनेमा आपणच रांगेत उभं राहून बघणं बरं दिसत नाही. फोन येईलच.

१० फेब्रुवारी

मोबाइलवर प्रेक्षकांची मतं वाचली. एकाला आपले वडील आठवले, तो बाहेर येऊन रडला. छान. एक बाई लिहितात, याच्याबरोबर एक दिवस काढणं अशक्य आणि तरी याला मिठी मारावीशी वाटते. छान. तिसरीने मात्र कहर केलाय. म्हणे, बायको बोलायला तोंड उघडते आणि जेवणाच्या टेबलाखाली याचा पाय ब्रेक दाबतो, तिथे हसावं की घाबरावं तेच कळेना.

हे खोटं आहे. मास्तराच्या बाजूला जादा ब्रेक असतो, तो गाडीत. टेबलाला कुठून आला? मी ‘जाणकार’ या नावाने खाली लिहिलं की प्रत्यक्षात असं कोणी करत नाही, नटाने अतिरेक केलाय. लगेच उत्तर आलं, काका, एकदा घरी विचारून बघा.

घरी विचारलं. हिने खाली वाकून टेबलाखालची चटई बाहेर ओढली आणि माझ्यासमोर धरली. माझ्या खुर्चीपुढे एकाच जागी झिजून भोक पडलंय. मी म्हटलं, हल्ली चटया टिकतात कुठे.

१२ फेब्रुवारी

मोठी बातमी. लेकीने नवी गाडी घेतली. हिच्याकडून कळलं.

लेकीचं आणि माझं बोलणं जरा कमी आहे. कारण क्षुल्लक. तिला गाडी मीच शिकवत होतो. भर चौकात मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. ती दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. मग दुसऱ्या गावी नोकरी धरली आणि लायसन्स दुसऱ्याच स्कूलमधून काढलं. त्या स्कूलच्या मास्तरानेच मला सांगितलं, तुमची मुलगी मुळात फार छान चालवते. तो मला काय सांगणार!

तर, लेक शनिवारी सिनेमा बघणार आहे. मग मला फोन करणार. आणि पुढच्या रविवारी गाडी घेऊन येऊन आम्हा दोघांना त्याच सिनेमाला नेणार. दोघांना, असं ती दोनदा म्हणाली म्हणे. आपला बाप काय चीज आहे हे तिला पडद्यावर बघून एकदाचं कळेल. मग घरी येणं-जाणं सुरू होईल. हिने रात्री लेकीची खोली झाडून ठेवली. मी दाराच्या बिजागरीला तेल घातलं.

१३ फेब्रुवारी

शिकायला येणाऱ्या नर्सबाई सिनेमा बघून आल्या. आज सगळा वेळ रस्त्याऐवजी माझ्या पायाकडे बघत होत्या. त्यामुळे मला ब्रेक दाबावा लागला. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, दाबलात! स्टिअरिंग सोडून टाळी. अशाने माणूस ब्रेक दाबणार नाही तर काय करणार?

निश्चय: शनिवारपर्यंत कोणावरही चिडायचं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारचे सगळे तास रद्द केले. फोन चार्ज केला. तिचा शो एव्हाना सुटला असेल. काय बोलायचं ते तयार आहे. प्रथम गाडीचं अभिनंदन, मग टायरमधल्या हवेबद्दल थोडं, मग ती सिनेमाचं काढेल.

बायको सारखी येऊन माझ्याकडे बघून जातेय. म्हणाली, नीट बोला हो, एवढंच एक करा. म्हणजे काय? मी कधी नीट बोललो नाही?

फोन नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन आला. पहिल्याच घंटेला घेतला.

लेक म्हणाली, बाबा, पाहिला. मग तिने शेवटच्या सीनचं विचारलं. त्यात म्हणे मास्तराची मुलगी गाडी चालवत असते. समोर मोठा उतार. हा बूट काढतो, दोन्ही पाय वर घेतो, सीटवर मांडी घालून बसतो आणि तिला म्हणतो, चल. लेकीने विचारलं, ते तुम्ही सांगितलं होतं का त्याला?

हे तिने दोनदा विचारलं.

सिनेमात घेऊ नको म्हणून नटाला बजावलेलं असताना! मी म्हटलं, छे छे, भलतंच काय! पुढच्या सीटवर मांडी? आणि तीही उतारावर? त्या दिग्दर्शकाला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

ती म्हणाली, हं. मग म्हणाली, आईला द्या.

दोघी दार लावून बोलल्या. बिजागरी अजिबात वाजली नाही. हवेचं सांगायचं राहूनच गेलं.

१९ फेब्रुवारी

बायको जेवताना एक शब्द बोलत नाही. त्यामुळे पायाचं काय होतंय ते तपासता येत नाही. नटाचा फोन नाही. बिझी असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

निश्चय: खिडकीत जायचं नाही.

खिडकीतून पाहिलं. निळी गाडी. दोन गाड्यांच्या मधली चिंचोळी जागा, एका दमात रिव्हर्स घेऊन लावली. आजूबाजूला कुणाचं लक्षही नव्हतं. ती वर आली नाही. ही तयार होऊन दारात थांबली आणि म्हणाली, येताय का? ती म्हणते, यायचं असेल तर मागे बसा. मी म्हटलं, नटाचा फोन आला तर घरी कोणीतरी हवं. ही म्हणाली, बरं. चप्पल घालून गेली.

गाडी बाहेर काढताना बाजूने एक स्कूटर सुसाट आली. लेकीने वेळेत ब्रेक लावला. मीही लावला. खिडकीखालच्या भिंतीला. अंगठा सुजलाय. तिने मान वळवून वर पाहिलं असं वाटलं. मी हात वर करेपर्यंत गाडी वळली.

मला जायचं होतं.

मांडीचं मीच सांगितलं होतं त्याला. त्याने विचारलं होतं, एकदा मनासारखं करायला मिळालं तर काय कराल? मी म्हटलं, लेकीला गाडी चालवायला सांगीन आणि पाय वर घेऊन बसेन. फोन करून तिला हे सांगायला हवं. पण आत्ता ती गाडी चालवत असेल. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे तिला मीच शिकवलंय.