उभ्या रेषेचा चढ

प्रिय मंगल,

तू गेलीस तेव्हा शोकसभेत मी भाषण केलं, पण खरं काही बोललेच नाही. आज तुझ्या दहावीच्या वर्गात माझी फजिती झाली, म्हणून लिहायला बसले आहे.

मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. गेलेल्या मैत्रिणीचा हेवा करते, कसली गं मी!

शेणव्याला आपण एकाच वर्गात शिकलो. मला सूत्रं पाठ असायची, तुला ती कळलेली असायची. पुढे डोळखांबकडच्या एकाच शाळेत दोघी गणिताच्या बाई झालो, तरी पाड्यांवरची पोरं तुझ्याच मागे! तू त्यांना शाळेमागच्या टेकाडावर न्यायचीस. "एक पाऊल पुढं गेलो तर वर किती चढलो? तोच रेषेचा चढ!" मी खिडकीतून बघायची. माझ्या वर्गात जांभया चाललेल्या असायच्या.

एक दिवस मी मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, "मंगलबाई पोरांना बाहेर फिरवत बसतात. अभ्यासक्रम पुरा व्हायचा नाही." तुझं बाहेर जाणं बंद झालं. डबा उघडताना तू मला विचारलंस, "नंदे, कोनी सांगितलं असेल गो?" मी म्हटलं, "कोण जाणे!" आणि तुझ्याच डब्यातली नाचणीची भाकरी मोडून घेतली.

आज फळ्यावर उभी रेषा काढली. "हिचा चढ ठरवता येत नाही. लिहून घ्या."

सोनाली म्हणाली, "का नाय येत, बाई?"

"शून्याने भागता येत नाही म्हणून."

"आमच्या बाईंनी भिंत दाखवून सांगितलं होतं."

आमच्या बाई! मग मी कोण? बाहेर जायची बंदी झाली, तर तू वर्गातली भिंत कामाला लावलीस होय?

मी चिडून खडू पुढे केला. "ये, तूच शिकव." टोमणा होता तो. पण पोरगी खरंच उठली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. "आता वर चढलो तरी पुढं सरकायला जागाच नाय. मग भागायचं कशानं?" मग फळ्यावर तिने y = 3x + 20 लिहिलं. "टाकीत आधीच वीस सेंटिमीटर पाणी हाय. मिनिटाला तीन वाढतं. तीन हा चढ, वीस ही सुरुवात." इतकी वर्षं मी y = mx + c शिकवते, पण तो c म्हणजे सुरुवात, हे मला कधी सुचलंच नाही!

तास संपताच मुख्याध्यापकांकडे गेले. "हा वर्ग मला नको."

ते म्हणाले, "मंगलबाईंनीच दवाखान्यातून सांगितलं होतं, दहावी नंदाबाईंना द्या. मी विचारलं, तुमची तक्रार कुणी केली माहीत आहे ना? तर म्हणाल्या, म्हाईत हाय. पन तिचं गणित पक्कं हाय."

म्हणजे तुला ठाऊक होतं! मग भांडली का नाहीस? एक शिवी तरी हासडायचीस! मोठेपणातही तूच पुढे. आता तुला गाठू तरी कशी?

उद्या वर्गात सांगणार आहे की तुमच्या बाईंना बाहेर जायची बंदी माझ्यामुळे झाली. पोरं काय बोलायचं ते बोलोत. नंतर तुझा अर्धा राहिलेला धडा मी पुरा करीन, हा माझा शब्द. हेवा सोडीन असं मात्र कबूल करत नाही. तुझ्याशी आणखी एक खोटं नको.

तुझी,
नंदा