खुब्याची वाटी पास झाली

गिरीज, मंगळवार

प्रिय बंधू ॲन्सेल्म यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. नवा गुडघा कसा आहे? पुण्यात क्रिस्टीना व्यायाम करून घेते ना, की बापपणाचा धाक घालून खाटेवरच बसतोस? इकडे सर्व क्षेम. (फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र.)

तुझी धाकटी जिंकली! ‘हाही नमुना नापास झाला तर टिफनीने कारखान्याला कुलूप लावून फादरांच्या शाळेतली नोकरी धरायची,’ असं बजावून तू गेलास. (लेकीच्या धंद्याला नाकं मुरडतोस आणि स्वतः गुडघ्यात धातू घालून हिंडतोस.) तिचं यंत्र टिटॅनियमची भुकटी वितळवून, थरावर थर चढवून खुब्यात बसवायची वाटी छापतं. हाड आत वाढावं म्हणून वाटीला जाळी असते. पण जाळीच्या काड्यांना अर्धवट वितळलेले कण चिकटून राहतात. ते शरीरात सुटले तर घात. म्हणून वाटी आम्लात बुडवायची. आम्लाने काय केलं, तर बाहेरच्या काड्या खाऊन सुतासारख्या केल्या आणि आतल्या तशाच खरखरीत ठेवल्या. दोन वाट्या वाया गेल्या, पोर रडायला लागली. मी रसायनशास्त्राची पदवीधर. प्रयोगशाळेत रडणं मला चालत नाही. हातमोजे चढवले.

आठव, बाबांच्या वाडीत पाटाजवळची केळ बुडायची आणि टोकाची तहानलेली राहायची. बाबा अर्ध्यावर पाणी उलट्या टोकाने सोडायचे. मी म्हटलं, वाटी बुडवू नकोस. पंपाने आम्ल जाळीतून वाहू दे, आणि अर्ध्यावर दिशा फिरव.

“आत्या, ही लॅब आहे, वाडी नाही!”

“वाडीत निदान केळी तरी येतात. तुझ्या लॅबमध्ये काय आलं?”

तिने नळ्या जोडल्या. काल वाट्या विकत घेणाऱ्या कंपनीच्या तपासनिसांनी वाटी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आतबाहेर सारखी गुळगुळीत, काड्या मापात. पास! मोठी मागणीही देऊन गेले. त्यांच्या साहेबांनी विचारलं, “मॅडम, ही पद्धत कुठली?” मी म्हटलं, “गिरीजची.”

तुझी थोरली,
क्लेमेंटीन

ता. क. शाळेतली जागा टिफनीला नको, असं मी फादरांना तुझ्या नावाने कळवून आले आहे.

आणखी ता. क. कळवलं ते तपासणीच्या आदल्या दिवशी. (दुसऱ्याची जागा अडवून ठेवू नये.) तू परतलास की रविवारी मिस्सानंतर फादर तुला विचारतील, निरोप तुझाच होता ना? खोटं बोल असं मी म्हणत नाही. नुसती मान हलव. वरखाली.